ओटा मधोमधच

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिंपीणबाईंच्या एका कानात कापसाचा बोळा होता. दुसरा कान त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याला देऊन टाकला होता.

“मला ओटा स्वयंपाकघराच्या मधोमध हवाय. चारी बाजूंनी मोकळा.”

“येता-जाता कमरेला लागेल.”

“लागू दे.”

“भाजी चिरायला टेबल आहे की!”

“त्यावर तुमचा पसारा असतो.”

“आवरतो. मग तर झालं?”

“नाही झालं. जन्मभर भिंतीकडे तोंड करून रांधलं. तुम्ही पाठीमागून बोलता आणि मला हल्ली नुसती पुटपुट ऐकू येते.”

“मग मोठ्याने बोलेन.”

“बोलता की! शेजाऱ्यांना वाटतं, आपलं भांडण जुंपलंय. मला तुमचं नेहमीचं बोलणं हवंय. तोंड समोर दिसलं की कळतं मला.”

“असं काय मोठं बोलतो मी? मीठ कमी पडलंय, एवढंच.”

“तेच ऐकायचंय.”

“टेबल काढावं लागेल.”

“काढा. ओट्याच्या पलीकडे स्टूल ठेवू. तिथेच जेवा, तिथेच कुरकुरा.”

“या वयात स्टुलावर चढू?”

“बुटकं घेऊ. ओटा मात्र मधोमधच.”

आतून नर्सने आजींना हाक मारली. आजी जागच्या हलल्या नाहीत. आजोबा उठले, त्यांच्या समोर येऊन उभे राहिले आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवून काहीतरी म्हणाले. शिंपीणबाईंनी चांगला कान पुढे केला, पण छे!

आजी मात्र खुदकन हसल्या.

“ठरलं तर मग,” पिशवी उचलत त्या म्हणाल्या, “आणि नळ माझ्या बाजूला.”