दहापैकी दहा गुण

झोम्बा शहराच्या स्टँडवर मिनीबस भरल्याशिवाय हलणार नव्हती. माझ्या मागच्या सीटवर विद्यापीठाच्या ग्रंथपाल नाफिरीताई आणि माशांवर संशोधन करणारी एलुबी शेंगदाणे खात बसल्या होत्या.

"ताई, सगळ्यांनी मिळून ऑनलाइन लिहायची ती पाच ॲप्स तपासून झाली?"

"झाली. चार तर वीज गेली की लिहिलेलं गिळून टाकतात. पाचवं बरं आहे."

"पण मंजुरीला समितीप्रमुख प्रोफेसर कलिंदेंची सही लागते ना? ते तर कॉम्प्युटरला हात लावत नाहीत."

"त्यांनी त्या ॲपला दहापैकी दहा दिले."

"काय सांगता."

"मी ॲपमधला एक मसुदा छापून दिला, त्यांनी लाल पेनानं दुरुस्त केला. मी रात्रीतून त्यांच्या सगळ्या दुरुस्त्या ॲपमध्ये टाकल्या. सकाळी स्क्रीन बघून खूश. म्हणाले, काय सोय आहे, कागदावर लिहिलं की आपोआप आत दिसतं."

"आणि तुम्ही गप्प?"

"सही होईपर्यंत. आज झाली."

"मग आता सांगून टाका."

"कसं सांगू? सहीखाली शेरा मारलाय, सर्व विभागांनी हीच पद्धत वापरावी."

पिशवी उघडल्याचा आवाज आला.

"मग हे धरा. माझ्या प्रबंधाची तीन प्रकरणं, लाल पेनानं तपासलेली. सकाळी आत दिसतील ना?"