पाहुण्या कोळंब्या

बेलापुरात खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ पाळणारा मी एकटाच, त्यामुळे मला हसायला अख्खं गाव मोकळं! त्यात एका दगडाबरोबर टाकीत नको ती समुद्रफुलं आली. नखाएवढी, पण शेजारच्या प्रवाळाला डंख करून जाळायची. उपटावीत, तर राहिलेल्या तुकड्यातून चार उगवायची. हरळीच म्हणा ना!

शेवटी पुण्याहून ती फुलं खाणाऱ्या सहा कोळंब्या आणल्या. पंधरा दिवस झाले, फुलं वाढतायत आणि कोळंब्या नुसत्या फुगतायत! मी दुकानदाराला फोनवर झापलं. तो शांतपणे म्हणाला, "त्यांना दुसरं काही खायला घालताय का?"

"छे! कोण घालणार?"

मागून आई म्हणाली, "मी घालते की. पाहुनं हायेत ते. आपन च्या प्यायचा आन त्यांनी नुसतं बघत बसायचं व्हय?"

दिवसातून चार वेळा, टाकीतल्या माशांच्या डब्यातलं चिमूटभर खाद्य!

मी डबा कपाटात घालून कुलूप लावलं. माशांपुरतं तेवढं मोजून देऊ लागलो. चौथ्या दिवशी कोळंब्या फुलांवर तुटून पडल्या. दहा दिवसांत फूल औषधालासुद्धा उरलं नाही! हसणाऱ्या एकेकाला घरी बोलावून मी टाकी दाखवली.

आईही बराच वेळ बघत होती. "म्हंजे उपाशी ठिवलं की कामं हुत्यात?"

"अगदी!" मी छाती फुगवून म्हणालो.

"मग मळ्यातलं गाजरगवत उपटून ये. तवर भाकरी न्हाई."