दहापैकी दोन

आप्पा, भरवसा ठेवायचा तो कुणावर, वहीवर का माणसावर? माझ्या बायकोचा, शांताचा, गुडघा संधिवातानं सुजला, तवा पुण्याच्या डॉक्टरांनी त्यात किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन दिलं. वर एक वही दिली. दुखणं दहापैकी किती, ते रोज लिहायचं.

तीन महिने शांता रोज 'दोन' लिहीत होती. आकडा बघून मीही खूश. मग तपासणीला गेलो, तवा डॉक्टर वही चाळून म्हणाले, "छान उतार पडलाय. या आता."

शांताला खुर्चीतून उठताच येईना.

"मावशी, मग हे दोन कुठले?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही एवढ्या मायेनं विचारता. आठ लिहायला हात धजला न्हाई."

डॉक्टरांनी वही मिटली आन् म्हणाले, "तुमच्या दोनावर मी निर्धास्त होतो. तीन महिने सांधा आतून झिजत राहिला."

दौंडच्या दुकानात तीस वर्षं मी कधी खोटं माप टाकलं न्हाई, आन् घरातलं खोटं माप मला दिसलं न्हाई.

परवा तुमच्या गुडघ्यात तेच इंजेक्शन हाय. तुम्हालाही वही देतील. तेवढा हिशोब खरा लिहा, आप्पा.