पिशवीत गेलेला हात

भाची : सव्वाअकराला. लिफ्टमध्ये. साहेबांचं घड्याळ काढलं.

आत्या : काढलं म्हणजे?

भाची : म्हणजे काढलं. हे बघ.

आत्या : तिथे नको, ओटा ओला आहे. फडक्यावर ठेव. खरंच त्याचं आहे?

भाची : मागे नाव कोरलंय. वाच की.

आत्या : चष्म्याशिवाय मला काय दिसतंय? कारखाना चष्म्यांचा तुझा, आणि आत्या आंधळी. सांग, कसं काढलंस?

भाची : त्यांच्या दोन्ही हातांत फ्रेमच्या नमुन्यांचे खोके होते. लिफ्टने गचका दिला. मी म्हटलं, "सांभाळा साहेब," आणि मनगट धरलं. घट्ट धरलं, तू सांगतेस तसं. पट्टा सुटला तरी दाब तसाच राहिला. आत्या, ते मला "थँक यू" म्हणाले!

आत्या : हसू नकोस. हाताकडे बघितलंस का?

भाची : नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

आत्या : श्वास धरलास?

भाची : नाही गं. बोलत होते. पावसाळी हवा आहे म्हटलं.

आत्या : बरं केलंस. लिफ्टमध्ये आणखी कोण होतं?

भाची : कोणी नाही. आम्ही दोघंच.

आत्या : म्हणजे बघायला कोणी नव्हतं.

भाची : नव्हतं.

आत्या : मग ही जादू नाही, बाई. ही चोरी झाली.

भाची : तूच शिकवलीस.

आत्या : मी शनिवारसाठी शिकवलं. कारखान्याच्या संमेलनात तो जादूचे प्रयोग करताना कोणाला तरी स्टेजवर बोलावेल, तू जाशील, सगळ्यांसमोर त्याचं घड्याळ काढशील आणि त्याच्याच कोटाच्या खिशातून बाहेर काढून दाखवशील. असं ठरलं होतं ना आपलं? आज सोमवार आहे. मग आजच काय अंगात आलं?

भाची : त्यांनी मला विचारलं, "काय, पॅकिंगमध्ये करमतंय ना? तिथे निदान किल्ल्यांची कटकट नाही." हसत विचारलं. खांद्यावर थोपटायचे राहिले फक्त, ते हात भरलेले होते म्हणून.

आत्या : हलकट.

भाची : भांडाराच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या, आत्या. मी सुट्टीवर असले की भांडार उघडायचं नाही, इतका विश्वास होता. ह्याने गेल्या संमेलनात हिशेबनीसाचं घड्याळ रुमालात गुंडाळलं, गायब केलं, खाली उतरला, पहिल्या रांगेत येऊन माझी जेवणाची पिशवी उचलली आणि आत हात घालून घड्याळ काढलं. अख्खा कारखाना हसला. मीसुद्धा हसले! मला वाटलं, घड्याळ खरंच माझ्या पिशवीत होतं. कोणी, कधी टाकलं कोण जाणे, म्हणून मी घरी जाऊन पिशवीचं अस्तर तपासत बसले.

आत्या : पिशवीत काही नव्हतंच. घड्याळ पहिल्यापासून त्याच्या तळहातात होतं. हात पिशवीत जाताना रिकामा आहे असं लोकांना वाटतं, एवढाच खेळ आहे तो. कुणीही पहिल्या महिन्यात शिकतो.

भाची : ते आता कळतंय मला. तेव्हा कुठे कळत होतं? आणि पंधरवड्यात भांडारातून सोनेरी फ्रेमचा खोका गेला. लगेच सुरू, "घड्याळ कसं गं गेलं होतं तुझ्या पिशवीत?" आधी थट्टा. मग थट्टा करणारे गप्प झाले, ते जास्त वाईट. चौकशीला साहेबांना विचारलं, या बाई तुमच्या खेळात सामील होत्या का, घड्याळ त्यांनी लपवलं होतं का? एवढंच सांगायचं होतं, नव्हत्या. तर मिशीत हसून म्हणाले, "जादूगार खुलासे करत नसतो." किल्ल्या गेल्या, आणि मी पॅकिंगमध्ये.

आत्या : जादूगार! नोकरी सांभाळून दोन रुमाल उडवतो आणि जादूगार.

भाची : म्हणून काढलं. तो आज दुपारी काचेपलीकडे मीटिंगमध्ये बाही खाली ओढत बसलेला दिसत होता. सारखी ओढत होता, लहान मुलासारखी. कोणी वेळ विचारली तर भिंतीकडे बघायचा. कोणाला सांगता येईना. काय सांगणार? घड्याळं गायब करणाऱ्याचं घड्याळ गायब झालं? मी इकडे पॅकिंगच्या पट्ट्यावर चष्मे पुसत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं ना, तुला काय सांगू. गेल्या वर्षभरात इतकं बरं वाटलं नव्हतं.

आत्या : वाटणारच. मलाही ऐकून बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. आता एक सांग. चौकशीत तू स्वतःच्या बाजूने काय बोलली होतीस?

भाची : म्हटलं, मला हातचलाखी येत नाही. साधी पत्त्यांची जादूसुद्धा येत नाही.

आत्या : खरं होतं ते.

भाची : हो.

आत्या : तुझ्याकडे तेवढंच खरं होतं. आता?

भाची : तू शिकवणार नाही म्हणाली असतीस तर मी दुसरीकडे शिकले असते.

आत्या : कुठे शिकली असतीस? रबराची गोळी तळहातात धरायची म्हटलं तर पहिल्या दिवशी तीनदा आमटीत... जाऊ दे. तू माझ्यासमोर आरशात बघून सराव करायचीस, आठवतं? मी आरसा भिंतीकडे फिरवला.

भाची : आणि मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

आत्या : गोळी लपवायची वेळ आली की तुझी पापणी मिटायची. सगळ्या नवशिक्यांची मिटते. आपली लबाडी आपल्याला दिसू नये म्हणून मिटते, आणि वर म्हणतात, वा, काय सफाई! म्हणून फिरवला आरसा. आज मला वाटतं, तेव्हा फिरवायला नको होता.

भाची : असं तिरकं बोलू नकोस.

(फोन वाजतो.)

आत्या : कोण?

भाची : तेच आहेत.

आत्या : घे. आणि स्पीकर लाव. मला कान अजून आहेत.

साहेब : हॅलो? घरी पोचलात का? जरा चमत्कारिक विचारतोय. सकाळी आपण लिफ्टमध्ये होतो, तिथे माझं घड्याळ पडलेलं दिसलं का तुम्हाला?

भाची : पडलेलं नाही दिसलं, साहेब.

साहेब : नाही, म्हणजे पट्टा जुना होता, म्हटलं कदाचित…

भाची : पट्टा चांगला आहे. पडलं नाही ते.

साहेब : अच्छा. म्हणजे ते तुमच्याकडे आहे.

भाची : जादूगार खुलासे करत नसतो.

साहेब : हे बघा. याला काय म्हणतात तुम्हाला माहीत आहे. मी तक्रार करू शकतो.

भाची : करा ना. काय लिहाल? मनगटावरून गेलं आणि कधी गेलं ते समजलं नाही? कधी समजलं तुम्हाला?

साहेब : जेवताना. हात धुताना.

भाची : सव्वाअकराला गेलं.

साहेब : कोणी शिकवलं तुम्हाला?

आत्या : मी.

साहेब : कोण बोलतंय?

आत्या : तिची आत्या. माझे यजमान गावोगाव जादूचे प्रयोग करायचे. करवत त्यांच्या हातात, पेटीत मी. तुम्हाला एक विचारते. तुम्ही तिच्या पिशवीत हात घातलात, खेळ झाला, टाळ्या झाल्या. नंतर तिला मोकळं का केलं नाहीत?

साहेब : मोकळं म्हणजे?

आत्या : प्रेक्षकांतून माणूस घेतला की जाताना त्याला मोकळा करायचा. हात धरून उभं करायचं आणि मोठ्याने सांगायचं, "यांचा यात काही हात नव्हता, हे आपल्यासारखेच फसले, यांच्यासाठी टाळ्या." पाकीट निघो नाहीतर घड्याळ निघो, माणूस आला तसा घरी गेला पाहिजे. आमचे हे तापाने फणफणले होते तरी हे वाक्य चुकले नाहीत. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं?

साहेब : मी… मी व्हिडिओ बघून शिकलो. त्यात नव्हतं.

आत्या : व्हिडिओत टाळ्यांपर्यंतच दाखवतात.

साहेब : मला खरंच लक्षात आलं नाही हो. खोका त्याच सुमारास जाईल हे मला काय माहीत?

भाची : चौकशीच्या खोलीत तरी लक्षात आलं होतं ना? मी समोर बसले होते. माझ्याकडे बघून हसलात.

साहेब : तेव्हा सगळे बघत होते. एकदा सांगितलं असतं तर माझा तो खेळच… बरं, काय हवंय तुम्हाला? किल्ल्यांसाठी मी शब्द टाकतो. मोठ्या साहेबांना लेखी देतो, उद्याच.

भाची : पिशवीतून घड्याळ निघालेलं अख्ख्या कारखान्याने पाहिलं. तुमचं पत्र मोठ्या साहेबांच्या कपाटात राहील. मला कपाट नकोय.

साहेब : मग?

भाची : शनिवारी तोच खेळ करायचा. माझीच पिशवी घ्यायची. आणि हात आत घालायच्या आधी थांबायचं, तळहात उघडायचा आणि आतलं घड्याळ सगळ्यांना दाखवायचं. शेवटच्या रांगेला दिसेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही.

साहेब : तुम्हाला कळतंय का तुम्ही काय मागताय? त्यानंतर माझा एक तरी खेळ कोणी बघेल का? पोरंसोरं हसतील मला.

भाची : हसू देत. हसण्याने काही होत नाही म्हणे. मला सगळे तेच सांगत होते.

साहेब : आणि घड्याळ?

भाची : स्टेजवर मिळेल. तळहात उघडला की.

साहेब : मला विचार करू द्या.

आत्या : ठेवला त्याने?

भाची : ठेवला.

आत्या : बरं बोललीस.

भाची : तो करेल?

आत्या : तुला काय वाटतं?

भाची : खरं सांगू? मला वाटतं त्याने नाही म्हणावं. मग मी घड्याळ देणारच नाही. रोज त्याने बाही ओढावी. रोज भिंतीकडे बघावं. नवीन घेतलं तर तेही काढेन.

आत्या : ऐक. हे घड्याळ उद्या सकाळी त्याच्या टेबलावर गेलं पाहिजे.

भाची : का म्हणून? तू त्याच्या बाजूने झालीस आता?

आत्या : त्याच्या बाजूने मी मेले तरी होणार नाही. शनिवारी त्याची सालटी काढायला मी स्वतः पहिल्या रांगेत बसणार आहे. पण तोवर हे तुझ्याजवळ सापडता कामा नये. पोरी, तो इतका वेळ घाबरलेला आहे. घाबरलेला माणूस विचार करायला लागला की त्याचं डोकं फार चालतं.

भाची : काय करणार आहे तो? तक्रार करायची हिंमत नाही त्याच्यात.

आत्या : तक्रारीशिवाय माणसाला काही करता येत नाही का? तू केलीस का तक्रार?

भाची : थांब. ग्रुपवर काहीतरी आलंय. संमेलनाची सुधारित यादी.

आत्या : वाच.

भाची : स्वागत, भाषण, बक्षिसं, गाणी… जादूचे प्रयोग. त्याचं नाव काढलंय.

आत्या : बघ. पळाला.

भाची : नाही गं.

आत्या : नाही काय? मग खेळ कोण करणार आहे?

भाची : माझं नाव आहे तिथे. "पॅकिंग विभागातील आपल्या सहकारी, हातचलाखीचे प्रयोग." आणि खाली लिहिलंय, साहेबांच्या खास आग्रहावरून.

आत्या : दे इकडे.

भाची : तुला दिसणार नाही.

आत्या : हे त्याने तुला स्टेज दिलंय की…

भाची : मला नाही कळत. त्याला फोन लावू?

आत्या : थांब जरा. लोक काही म्हणतायत का?

भाची : हो, लिहायला लागलेत. अंगठे येतायत. एकीने विचारलंय, "अय्या, हिला घड्याळं काढता येतात?"

आत्या : मग?

भाची : त्याखाली भांडारात माझ्या जागी आलेल्या बाईंनी लिहिलंय.

आत्या : काय?

भाची : "तरीच."