भट्टीच्या दाराचा लेप

माहं माहेर अचलपुराकडचं, दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण करणारं घर, काय सांगू तुमाले, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या साली लगन झालं आन् आमी अकोल्याले आलो. आमचे हे बिजलीघरात बॉयलरवर आगवाले लागले. कोयसा टाकायचा, वाफ करायची, त्या वाफेवर टर्बाइन फिरे, मंग गावात दिवे लागत.

मीही तिथंच गारा कालवाले लागली. भट्टीच्या लोखंडी दाराले आतून लेप लागते, विटेची भुकटी आन् पांढरी माती, तो असला तं लोखंड वाचते, नाही तं लाल होऊन वाकते. लेपाचं काम रहीम मिस्त्रीचं, पण आत शिरायचं भोक एवढंसं, तो पोट घेऊन कुठून शिरंल, मी हडकुळी, मंग मलेच जा लागे. तो बाहेरून सांगे, बेटी, पतला मार, सुखू दे, मंग दुसरा मार. लोखंड तापलं का फुगते, माती तेवढी फुगत नाही, जाड लावलं का पोपडा सुटते. मले ते घरच्या चुलीवरूनच समजे.

मिस्त्री बीमार होऊन घरी बसला त्या सालची गोष्ट. कापसाचे दिवस, जिनिंगा चालू, त्यायले वीज पायजे, आन् दाराचा लेप पडला. सायब नवा, वरून त्याले तारेवर तारा. मले म्हणे एकाच खेपेत जाड लाव, सकाळी आग देतो. मी म्हटलं सायब, थराथरानं लावा लागते, तीन दिवस पायजे, ओला राह्यला तं सुटते. तो म्हणे हे काय तुह्या घरचं सारवण आहे काय. दोघायचीही नोकरी तिथंच. आत गेली आन् बोटभर जाड लेप माह्या हातानं लावला, लावून राहिली होती तवाच मले मालूम होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोपडा पडला. दार लाल होऊन वाकलं, आन् हे कोयसा टाकाले गेले तं फटीतून आग निंगाली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

भट्टी थंडी झाल्यावर मलेच पुन्हा आत जा लागलं. सायब भोकापाशी उभा, खाली पाहून म्हणे, बाई, किती दिवस पायजे. म्हटलं तीन. तीन दिवस गाव अंधारात राह्यलं, कोणाचं काही बिघडलं नाही.

दवाखान्यात मी ह्यायले सांगतलं का मले मालूम होतं. हे छताकडं पाहून राहिले होते. म्हणे तू नाही म्हटलं होतं ना त्याले? म्हटलं हो. मंग झालं, म्हणे. त्याच्यावर पुन्हा कधी बोलले नाही.

आता मी थकली बाप्पा. अजूनही आत जाते, पण गुडघे ऐकत नाहीत, छातीत खरखर राह्यते. ह्यायले गेटावर बसवलं, बोटं मिटत नाहीत. तुमी लिहून राहिले तं एवढं लिहा, मी नाही म्हटलं होतं. पण एकडाव म्हटलं. दोनडाव म्हणाले पायजे होतं.

हे पाहा, आले हे गेटावरून. घास भरवा लागते, उठते मी. तुमी बसा, सुखी राहा.