तेलाचं बोट

ऐरोलीच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात आपला नंबर कधी लागतोय म्हणून ऋता चुळबुळत उभी होती. पुढे पुतळाकाकी होत्या, सुनेचा लॅपटॉप घेऊन आलेल्या. दुकानदार आशुतोषने तो उघडून बघितला होता.

“काकी, टचपॅडच्या कडेतून तेल आत गेलंय. म्हणून स्क्रीनवरचा बाण उड्या मारतोय.”

“खोबरेल असंल. नातवाला मीच चोळते.”

“पण लॅपटॉपवर काम सून करते ना?”

“तीच करते, घरातून. रातभर पोर जागवतं, मग दुपारी बसल्या बसल्या तिचा डोला लागतो. तवा मी आपलं त्याच्यावर बोट फिरवत बसते.”

“ते कशाला?”

“नायतर स्क्रीनवर तिच्या नावापुढचा हिरवा दिवा पिवला होतो. साहेबाला समजतं, बाई जाग्यावर नाय. मागं एकदा जाम बोलला तिला.”

“मग माऊस देतो ना. तेलकट हातानेही हलवता येईल.”

“माऊस नको. तो बघून ती विचारंल.”

“म्हणजे त्यांना माहीत नाही?”

“नाय. तिला वाटतं, साहेबच आता समजून घेतो.”