हात थांबला तो दोर

मी चंदगडच्या पल्याडची, सातवीत शाळा सुटली, मुंबईला आले ती नायगावात मावशीकडे, आणि तिनंच मला दादरला काकांच्या दुकानात लावलं. काका म्हणजे मालक, डोंगरात जाणाऱ्यांचं सामान विकणारे. त्यांचे वडील गिरणीत होते, गिरणीच्या जाड कॅनव्हासच्या सॅका घरी शिवायचे, तेव्हा असल्या वस्तू कुठं मिळत नव्हत्या, ह्यांच्याच सॅका पाठीला मारून पोरं गड चढायची. आता सगळं मोबाइलवर घरपोच येतं, तरी लोक आमच्याकडेच येतात, कारण काय सांगू तुम्हाला, इथं वस्तूवर माणसाचा हात फिरलेला असतो.

तो हात माझा. भाड्यानं गेलेले दोर सोमवारी परत येतात, ते डोळे मिटून चिमटीतून वीत वीत सरकवायचे. वरचं विणकाम चांगलं दिसलं तरी आतला गाभा तुटला असंल तर तिथं दोर मऊ लागतो. मऊ लागला की तुकडे करायचे, म्हणजे कचऱ्यातनं उचलून कुणी वापरणार नाही.

एका सोमवारी भर दुपारी लाल दोर तपासत होते आणि मधोमध हात थांबला. मऊ, झोपलेल्या लेकराच्या मानेसारखं, आणि कोमट. काकांना बोलावलं. त्यांनी दोनदा चाचपलं, म्हणाले अगं बाई, दोर ठणठणीत आहे, तूच जेवलेली दिसत नाहीस, जा, वडापाव खाऊन ये. आणि तो दोर शनिवारी डोंगरात जाणाऱ्या अकरा मुलींच्या नावावर लिहून टाकला.

ह्या माणसानं मला पोटापाण्याला लावलं, त्यांना कसं म्हणू तुमचा हात चुकला? पण मंगळवारी बघितलं तर मधोमध काहीच नाही, मऊ जागा वरच्या टोकाकडं सरकलेली. बुधवारी आणखी वर. जणू आतनं कुणी हातापुढं हात टाकत चढत होतं. शुक्रवारी टोक गाठायला वीतभर उरलं, आणि मी कुणाला न विचारता सुरी घेतली न् दोराचे तुकडे केले.

काका धावत आले, अगं काय केलंस हे! एकेक तुकडा पिंजून बघितला, गाभा पांढराशुभ्र, एक धागा तुटलेला नाही. मी पाय धरले, म्हटलं काका, काढू नका मला. त्यांनी तुकडे गोळा करून बाजूला ठेवले, म्हणाले ऊठ, दोर दुसरा आणता येतो, माणूस नाही, तुझा हात नाही म्हणाला तर दोर ह्या दुकानातून जायचा नाही, मी हो म्हटलं तरी नाही.

मुली दुसरा दोर घेऊन गेल्या. सोमवारी हसत आल्या, मी दारातच मोजल्या, अकरा. पण त्या तुकड्यांवर मी पुन्हा पुन्हा हात फिरवला, कुठंच मऊ नव्हतं, मग ते गेलं कुठं हे मला आजवर कळलं नाही.

काका आता थकले, गल्ल्याजवळ बसून असतात. हो म्हणायचं की नाही, सगळं माझ्याच हातावर आलंय, त्यांचे उपकार कसे फेडू? दोर द्यायच्या आधी दोन-दोनदा बघते, आणि देताना एवढंच म्हणते, बाळांनो, आपापल्या पायांनी खाली या.